काळी चारच्या खाली

पानं रंग बदलायला लागली की अमेरिकेतल्या कॅरी गावातून लॅबकडे जाणारा माझा रोजचा रस्ता दोन आठवडे ओळखू येत नाही. मेपल आधी टोकांना पेटतं, मग आत. ओक उशिरा, आणि मातकट. गेल्या मंगळवारी सिग्नलला उभी होते आणि रेडिओवर एक गाणं लागलं. आयर्लंडच्या पोरांच्या कुठल्याशा बँडचं, जुनं, गोड, जरा जास्तच गोड. शेवटचं कडवं जवळ आलं तसे स्टिअरिंगवरचे माझे हात घट्ट झाले. आणि झालंच ते. अख्खं गाणं, गाणाऱ्यांसकट, वाद्यांसकट, एक पायरी वर चढलं. सिग्नल हिरवा झाला होता, मागच्याने हॉर्न दिला, आणि माझ्या लक्षात आलं की मी सीटवरून थोडी उचलली गेले आहे.

ही सवय माझ्या इथल्या पहिल्या पानगळीतली.

तेव्हा आम्ही चौघीजणी दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये राहायचो. तीन माणसांचा सोफा होता, त्यावर चौघी बसायचो. रविवारी सकाळी ऋचा टीव्हीवर तिच्या शाळेच्या दिवसांतली गाणी लावायची. ऋचा पुण्याची, तिच्याकडे शाळेत असल्यापासून इंग्रजी गाणी होती, माझ्याकडे विहारातली. तिच्या त्या आयरिश बँडची पोरं उंच स्टुलांवर बसून गायची आणि शेवटच्या कडव्याला सूर वर चढला की सगळी एकदम उभी राहायची.

"थांब, आता बघ," ऋचा हातातला चमचा वर धरून म्हणायची. "आता उठतात ते. उठा गं सगळ्या."

आम्ही चौघी खिचडीच्या ताटल्या धरून उठायचो. कधी चुकून एखादी आधीच उठली तर तिने भांडी घासायची, असा नियम होता. पहिल्यांदा मी उठलेच नाही. मला वाटलं, गाणं बिघडलं.

"पट्टी सोडली त्यांनी," मी म्हटलं.

"पट्टी काय, यार? की चेंज म्हणतात त्याला. मस्त वाटतं ना?"

मला मस्त वाटलं नव्हतं. भर कार्यक्रमात गाणारा स्टेजवरून उतरून निघून जावा तसं काहीतरी वाटलं होतं.

पेटीवर ज्या सुराला गाणारा आपला सा मानतो, ती त्याची पट्टी. आमच्या आर्वीच्या आसपासच्या गावांत माझ्या बाबांना नावाने कमी आणि पट्टीने जास्त ओळखायचे. 'काळी चारवाले दादा'. काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, आकडा कमी तसा सूर खालचा; पुरुषाच्या गळ्याला काळी चार उंच पडते. बाबा दिवसा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्ह फिरवायचे, गल्लीगल्लीचं पाणी सोडायचे, आणि जयंतीच्या, पौर्णिमेच्या कार्यक्रमांत भीमगीतं गायचे. काही गाणी त्यांनी स्वतः बांधलेली. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ते आपल्या गाण्याच्या पार्टीकडे वळून म्हणायचे, "घ्या काळी चार." मग ढोलकीवाला हातोडीने ढोलकी त्या सुराला ठोकून घ्यायचा, आणि ती पट्टी शेवटच्या गाण्यापर्यंत हलायची नाही.

मी सातवीत होते तेव्हापासून बाबांच्या डाव्या हाताला दुसरी छोटी पेटी घेऊन बसायचे. माझं काम एकच. सा धरायचा. भाता हलवत राहायचं आणि एका पट्टीवरचं बोट उचलायचं नाही. कंटाळा यायचा. एकदा मी मध्येच दुसरा सूर दाबून पाहिला तेव्हा घरी येताना बाबा म्हणाले होते, "सूर धरणाऱ्यानं हलायचं नसते, बाई. गाणारा कुठंही फिरून आला तरी त्याले घरी येता आलं पाहिजे."

हा त्यांचा रागावण्याचा सूर होता. याच्यापेक्षा मोठ्याने ते मला कधी बोलले नाहीत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवण्यासाठी लिहीत नाही. मला ज्या माणसांनी चढवलं त्यांची यादी फार मोठी आहे, म्हणून लिहिते. आठवीत मला अभ्यासासाठी शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली देणाऱ्या बाई. शिष्यवृत्तीचा अर्ज तीनदा परत आला तेव्हा चौथ्यांदा स्वतःच्या हाताने भरणारे ऑफिसातले काका. आणि बाबा, जे मी फार्मसीचं पुस्तक मोठ्याने वाचायचे तेव्हा एक अक्षर न कळता शेवटपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "चाल चांगली आहे."

अमेरिकेला निघायच्या आदल्या आठवड्यात विहाराच्या अंगणात माझा सत्कार ठेवला होता. संध्याकाळची पाचची वेळ, मांडव, प्लॅस्टिकच्या लाल खुर्च्या. बाबा गाणार होते. त्या वर्षीच्या थंडीपासून त्यांचा गळा बरा नव्हता. घरी गाताना अंतऱ्यात, म्हणजे गाणं जिथे वर जातं तिथे, आवाज चिरत होता. मी दोनदा ऐकलं होतं. त्या दिवशी त्यांना लेकीसाठी उभं राहून गायचं होतं, म्हणून त्यांनी स्वतःची पेटी बाजूला ठेवली आणि साथीला सुधाकरकाकांचा कीबोर्ड घेतला. सुधाकरकाका त्यांचे वीस वर्षांचे सोबती. कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की बोटं नेहमीच्या जागीच पडतात आणि सूर मात्र खाली किंवा वर सरकून निघतो.

मी मांडवामागे जाऊन सुधाकरकाकांना म्हटलं, "काका, दोन उतरवा ना. कोणाला कळणार नाही."

"दादाले कळन," ते म्हणाले.

"मी सांगते म्हणून, काका. प्लीज."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि होकारार्थी मान डोलावली. माझा शब्द मोडवला नसेल त्यांना. मी अमेरिकेला निघालेली होते.

बाबा उभे राहिले. "घ्या काळी चार," म्हणाले. सुधाकरकाकांचं बोट काळी चारवर पडलं आणि स्पीकरमधून काळी तीन आली. बाबांनी कीबोर्डकडे पाहिलं. बोट बरोबर जागेवर होतं. मग त्यांनी समोर पाहिलं आणि गायला सुरुवात केली. त्यांनीच बांधलेलं गाणं, मी पहिलीत गेले तेव्हाचं. 'अक्षराची वाट माझ्या अंगणातून गेली'. अंतरा कुठेही चिरला नाही. माझ्या शाळेच्या बाई पदराने डोळे पुसत होत्या. टाळ्या फार वेळ वाजल्या.

त्यानंतर बाबा गायले नाहीत.

हे मला इथे आल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, आईकडून कळलं. "पेटी पलंगाखाली सारली त्यायनं," आई फोनवर म्हणाली. "विजयादशमीच्या कार्यक्रमाले बोलावणं आलं तं म्हणे, आता पोट्ट्यायनं गावं."

"सुधाकरकाकांशी भांडले का?"

"नाही व. रोज संध्याकाळी दोघं चहा पितात. भांडण काहीच नाही."

भांडण असतं तर मला सोपं गेलं असतं. मी खिडकीपाशी उभी होते. समोरचं मेपल दोनच दिवसांत लाल झालं होतं. मला ते झाड इतकं सुंदर दिसणं आवडलं नाही. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. मी मांडवामागे गेले ती बाबांच्या गळ्याची काळजी म्हणून, की माझ्या सत्कारात, माझ्या शिक्षकांसमोर माझ्या बापाचा आवाज फाटू नये म्हणून? दोन्ही उत्तरं मी पुष्कळदा तपासून पाहिली. लॅबमध्ये एखादं द्रावण गढूळ की स्वच्छ हे उजेडापुढे धरून पाहतात, तसं. ते स्वच्छ नव्हतं.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी ऋचाने मला शेजारच्या राले शहरातल्या एका कॅफेत ओढून नेलं. "चल यार, आपल्या त्या स्टुलवाल्यांच्या देशातलं लाइव्ह म्युझिक आहे. फुकट आहे." आत शिरले आणि दारातच थांबले. माणसांच्या गलबल्याखालून मला सूरपेटीचा, म्हणजे खुंटी उघडली की तोच एक सूर धरून राहणाऱ्या छोट्या पेटीचा, सा ऐकू आला. तो आवाज ओळखण्यात माझी चूक होणं शक्य नव्हतं.

कोपऱ्यात सात-आठ माणसं गोल करून बसली होती. दोन फिडल, म्हणजे व्हायोलिनच, एक बासरी, एक गिटार. आणि एक पांढऱ्या केसांची बाई मांडीवर सूरपेटी घेऊन, एका हाताने भाता हलवत, डोळे मिटून गात होती. तिचं नाव नोरा. आयर्लंडमधल्या क्लेअरची, इथल्या हॉस्पिटलांतून नर्स म्हणून निवृत्त झालेली. गाणं संपल्यावर मी तिच्यापाशी जाऊन उभी राहिले आणि नमस्कार वगैरे करायच्या आधी विचारलं, "ही तुमच्याकडे कशी?"

"आमच्याकडे बऱ्याच गाणाऱ्यांकडे असते," ती म्हणाली. "तुमच्याकडूनच आली. परत हवीय का?"

मी हसले. मग विचारलं, "तुमची पट्टी कोणती?"

"ते काल झोप कशी लागली त्यावर आहे."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. मी सांगितलं की मी लहानपणापासून सूर धरायचं काम केलं आहे. तिने लगेच पेटी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मग धर."

त्यांच्यात शब्द नसलेली, नुसती वाजवायची धून असते. एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, मध्ये न थांबता. पहिली धून पांढरी पाचवर होती. मी पांढरी पाच धरली, भाता सावकाश हलवू लागले, आणि कितीतरी आठवड्यांनी माझे खांदे सैल झाले. हे काम मला येत होतं. फिडलवाला दाढीवाला सुतार होता. त्याने एकदा भुवई वर केली. मला वाटलं, दाद दिली. मी मान डोलावली. आणि पुढच्या क्षणी ती सगळी माणसं एकदम पांढरी सहावर गेली. दुसरी धून सुरू झाली होती. कॅफेतली माणसं टेबलावर हात मारत ओरडली, इतकं ते चढणं छान होतं. फक्त माझ्या मांडीवर पांढरी पाच चालूच होती. कानात खडा पडावा तशी.

मी बोट हलवलं नाही. मला कळत होतं की विचित्र वाजतं आहे, पण हलवलं नाही. गाणारे फिरून येतील, मी इथेच असलं पाहिजे, हे माझ्या हातात इतकं खोल गेलं होतं. ते येत नव्हते. ते परत येणारच नव्हते. शेवटी नोराचा सुरकुतलेला हात माझ्या बोटांवर आला, तिने एक खुंटी बंद केली, दुसरी उघडली.

धून संपल्यावर सगळे हसले. वाईट हसणं नव्हतं ते. "भुवई म्हणजे आता बदल, असं असतं," सुताराने समजावलं. "आम्ही सगळ्यांना सांगूनच जातो."

"हिने घर सोडलंच नाही," नोरा म्हणाली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

संध्याकाळी मी ऋचाशी पुन्हा त्याच गोष्टीवर बोलत होते. ऋचा म्हणाली, "तू प्रत्येक गोष्टीचं पोस्टमॉर्टेम करतेस." खरं आहे. पण 'आम्ही सांगूनच जातो' हे वाक्य माझ्याबरोबर बसमध्ये आलं, घरी आलं, जेवायला बसलं.

मी दर रविवारी जायला लागले. झाडं पिवळी झाली, मग अर्धी रिकामी. एका रविवारी नोराला सर्दी होती. तिने गाणं सुरू केलं, दोन ओळींत थांबली, आणि मोठ्याने सगळ्यांना म्हणाली, "नाही, हे मागच्या वर्षीच्या नोराचं आहे. या वर्षीची जरा खाली राहते." कॅफे हसलं. तीही हसली. तिने स्वतःच्या हाताने एक खुंटी बंद करून दोन सूर खालची उघडली आणि पहिल्यापासून गायली. गाणं तेच होतं. थोडं जास्त जवळून आल्यासारखं, एवढाच फरक.

मी तिला बाबांची गोष्ट सांगितली, त्या कॅफेच्या दाराबाहेर, पानांच्या ढिगात उभी राहून. तिने सल्ला दिला नाही. विचारलं, "तू त्याच्या गळ्यावर दया केलीस, हे त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग त्याला वाटतं जगाने केली." तिने सूरपेटी माझ्या हातात दिली. "आठवडाभर ने. पुढच्या रविवारी आण."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. फोन बाबांनीच उचलला.

"जेवली काय?"

"बाबा, सकाळ आहे इथे."

"मंग नाश्ता केला काय?"

मी सूरपेटी मांडीवर घेऊन बसले होते. हाताला काहीतरी काम हवं म्हणून. न कळत भाता हलत होता. मी एका दमात सांगून टाकलं. मांडवामागे मी गेले होते. बटण दाबायला मी सांगितलं. सुधाकरकाकांचा दोष नाही.

पलीकडे आई कुकरची शिटी मोजत होती ते मला ऐकू आलं.

"मले मालूम आहे," बाबा म्हणाले. "सुधाकर आपल्या मनानं माझी पट्टी उतरवते काय? वीस वर्षं झाली त्याले."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? बाकीच्यायले काय वाटते त्याचं मले काही नव्हतं. पण तू माझ्याजवळ बसून सूर धरलेला आहे, बाई. तुले वाटलं का बापाचा आवाज फाटन, तं मले वाटलं, फाटतच असन."

मी रडते आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी नोराबद्दल बोलायला लागले. क्लेअरची म्हातारी नर्स, आपली सूरपेटी, भुवई वर करून सगळे मिळून दुसऱ्या सुरावर कसे जातात, स्टुलावरची पोरं कशी उभी राहतात, आणि नोरा सगळ्यांसमोर कशी म्हणते की या वर्षी मी जरा खाली राहते.

"लोक हसत नाहीत तिले?"

"हसतात. तीपण हसते."

"हं. थे मागं काय वाजून राहिलं?"

"तीच पेटी. तिने दिली आठवड्यासाठी."

"कोणता सूर आहे?"

मी खाली पाहिलं. माझं मलाच कळलं नव्हतं. "काळी तीन."

"काळी तीन नको," बाबा म्हणाले. वाटलं, आता काळी चार म्हणतील, आणि माझ्यासाठी गळा फाडून घेतील. "काळी दोन लाव."

मी एक खुंटी बंद केली, दुसरी उघडली. माझ्या कॅरीच्या स्वयंपाकघरात काळी दोन भरली. बाबांनी घसा साफ केला. आईने विचारलं, "अवो, कोणाले ऐकवून राहिले?" ते गायलाच लागले. 'अक्षराची वाट माझ्या अंगणातून गेली'. आवाज जाड होता, कडांना झिजलेला, व्हॉल्व्हच्या जुन्या चाकासारखा, आणि अगदी सुरात. मुखडा दोनदा म्हटला. मग थांबले.

"अंतरा?" मी विचारलं.

"अंतरा नाही. तुझा सूर मागून येऊन राहिला फोनवर. मी गेलो का मंग येते." खरंच होतं. माझा सा समुद्रापलीकडे पोचेपर्यंत क्षणभर उशीर होत होता. "अंतरा समोर बसून. तू डाव्या हाताले."

"येते मी, बाबा."

"ये."

त्याला तीन पानगळी झाल्या. डिग्री झाली, नोकरी लागली. व्हिसाची मुदत संपली, आणि आता गेलं तर व्हिसाच्या नव्या शिक्क्यासाठी, स्टॅम्पिंगला, तिकडेच अडकून पडायचं भय. इथल्या प्रत्येक मराठी घरात हे भय पाहुण्यासारखं येऊन बसलेलं असतं, त्याचं कौतुक काय सांगायचं. मुलाखतीची तारीख मिळते, पुढे जाते, पुन्हा मिळते. नोरा मात्र गेली. दोन वर्षांपूर्वी कायमची क्लेअरला परतली. जाताना पेटी माझ्याकडे ठेवली आणि म्हणाली, "सांगितलं होतं ना, तुमचीच आहे." तिचं कधीमधी रेकॉर्डिंग येतं. प्रत्येक वेळी गाण्याच्या आधी ती सांगते, आज कुठून गाणार आहे ते.

बाबा आता रोज संध्याकाळी गातात, आई सांगते. पेटी पलंगाखालून निघाली. सुधाकरकाका येतात. कार्यक्रमात जात नाहीत, पण गातात. गावात कोणी 'काळी चारवाले दादा' म्हटलं तर बाबा म्हणतात, "थे मागच्या वर्षीचे." दर वर्षी हेच म्हणतात. तो अंतरा मात्र नाही. मुखड्यापाशी थांबतात.

त्या मंगळवारी, सिग्नलवरून पुढे आल्यावर, मी लॅबच्या पार्किंगमध्ये गाडी लावून बाबांना फोन केला. गाडीवर ओकची पानं पडत होती. इकडचं तिकडचं झालं. पाण्याची लाइन फुटली होती, सुधाकरकाकांना नात झाली. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तुझ्या त्या पेटीत काळी एक लागते काय?"

पेटी शेजारच्या सीटवर होती. तिच्यातल्या खुंट्या मला डोळे मिटून मोजता येतात.

"लागते, बाबा."

"आणि तिच्या खाली?"

"खाली पांढरी एक आहे. मग संपली."

"मंग उतरायले आहे अजून एक," बाबा म्हणाले. "घाई नको करू. सावकाश ये."